सहा मीटरची माया

त्याचा चेहरा दिसायच्या आधी मला त्याचा हात दिसला.

झालं असं, की मी शाळेजवळच्या शिरीषाला मिठी मारून उभी होते. हसू नका! झाडाचा घेर मोजायचा म्हणजे खोडाभोवती टेप फिरवावा लागतो, आणि ते खोड माझ्यासारख्या तिघींच्या कवेत मावलं नसतं. सोबत येणारा सहकारी तापाने घरी पडला होता. मी टेपचं एक टोक सालीच्या खाचेत अडकवायचे, दुसरं घेऊन वळसा घालायला निघायचे, आणि निम्म्या वाटेवर पहिलं टोक सुटून सर्रकन परत यायचं. असं चारदा झालं. पाचव्यांदा मी गालसुद्धा सालीला टेकवला, हात ताणता येतील तेवढे ताणले आणि वैतागून झाडाला म्हणाले, "अरे बाबा, जरा पोट आत घे ना!"

"घेतलं," झाड म्हणालं.

मी किंचाळायचीच बाकी होते. तेवढ्यात खोडाच्या पलीकडून एक हात पुढे आला. मातीने माखलेला, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. त्याने टेपचं टोक अलगद चिमटीत धरलं.

"सोडू नका. धरलंय मी. आता तुम्ही या फिरून."

मी फिरून गेले. तिकडे एक उंच, उन्हाने रापलेला माणूस हसू दाबत उभा होता.

"सात मीटर," त्याने टेप वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुमच्या गालाला साल चिकटलीय."

मी गाल पुसला. चुकीचा. त्याने बोटाने दुसरा दाखवला... स्वतःच्या चेहऱ्यावर.

"मी पाइपलाइनचं काम बघतो," तो म्हणाला. "खालच्या टाकीपासून वरच्या वस्तीपर्यंत पाणी न्यायचंय. याच रस्त्याने खणणार आहोत."

"मी नगरपालिकेत नकाशे करते. याच रस्त्यावर कुठे खणायचं नाही, ते मी सांगणार आहे."

"अरे वा. म्हणजे आपण एकाच कामावर आहोत की."

"एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी."

"तरी टेप तर एकच धरलाय," तो म्हणाला.

आणि खरंच, मोजून झालं तरी दोघांपैकी कोणीच टोक सोडलं नव्हतं.

आठवड्याने तो आमच्या ऑफिसात आला. माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटामागे आहे; वाट चुकल्याशिवाय तिथे माणूस फिरकत नाही. तो मात्र खांद्याला नकाशाची नळी अडकवून थेट आला.

"तुमच्या साहेबांनी सांगितलं, सही हवी असेल तर आधी इकडे जा."

"बसा."

खुर्चीवर फायलींचा ढीग होता. त्याने तो उचलला, खुर्चीवर बसला आणि ढीग मांडीवर घेतला. सगळं बोलणं होईपर्यंत ते ओझं त्याच्या मांडीवरच होतं, आणि त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना हिरवी वर्तुळं. दोनशे चौदा.

"नकाशाला कांजिण्या आल्यात," तो म्हणाला.

मला हसायचं नव्हतं. पण आलं.

मग मी त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे नियम आहे, जुन्या झाडाच्या खोडापासून सहा मीटरच्या आत चर खणायचा नाही. मुळं तुटली तरी झाड लगेच पडत नाही. ते दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग एखाद्या वादळात आडवं होतं. खालच्या रस्त्याला असंच एक झाड बसथांब्यावर पडलं होतं. त्या वेळी थांब्यावर कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

"संगणकाला झाड म्हणजे एक ठिपका," मी म्हणाले. "त्या ठिपक्याला सहा मीटर असं अंतर सांगायचं, की तो सगळीकडून सारखा फुगतो आणि वर्तुळ होतं. रस्त्याच्या रेघेला सांगितलं तर रेघेचा पट्टा होतो. घराच्या चौकोनाला सांगितलं तर चौकोन मोठा होतो आणि त्याचे कोपरे गोल होतात. याला बफर म्हणतात."

"आणि मराठीत?"

असं कोणी विचारलंच नव्हतं.

"माझे बाबा शिंपी आहेत," मी म्हणाले. "ते कापडावर खडूने शिवणीची रेघ मारतात. मग तिच्याबाहेर दोन बोटं सोडून दुसरी रेघ. कात्री फिरते ती या बाहेरच्या रेघेवरून. मधलं जे कापड राहतं ना, त्याला ते माया म्हणतात. माया सोडली नाही तर कपडा शिवणीत फाटतो."

"म्हणजे तुम्ही झाडांना सहा मीटर माया सोडता."

"...तसंच."

"सरकारी कागदावर माया!" त्याने मांडीवरचा ढीग जरा सावरला. "हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. आणि माणसांना किती मीटर?"

"माणसांचा नियम झालेला नाही अजून."

"बरं झालं," तो म्हणाला आणि नकाशाकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

पुढचे पंधरा दिवस तो येतच राहिला. कधी एका झाडाचा नंबर पुसट दिसतो म्हणून, कधी एका वळणाची रुंदी पुन्हा विचारायला. एकदा तर पेन विसरलो म्हणून आला आणि पेन न घेताच गेला. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून वर्तुळांमधून वाट काढली. फक्त शाळेजवळ घोडं अडत होतं. रस्त्याच्या एका बाजूला जमिनीखाली विजेच्या केबली, तिथे कुदळ लावायचं नाव नको. दुसऱ्या बाजूला शिरीष, आणि त्याच्यामागे शाळेची भिंत. वर्तुळ आणि भिंत यांच्यात एक मीटर वीस सेंटिमीटर जागा उरत होती. चर नव्वद सेंटिमीटरचा. बसत होता. साहेबांनी सही केली.

सही झालेला नकाशा नळीत घालताना तो म्हणाला, "झालं मग. आता इकडे यायला काही कारण नाही."

"फायली ठेवायला मांडी लागते कधी कधी," मी म्हणाले... आणि पुढची पाच मिनिटं स्क्रीनवर काय होतं ते देव जाणे.

शिरीषाजवळची आखणी करायला आम्ही एका दुपारी गेलो. मी यंत्र घेऊन नकाशावरच्या जागा सांगत होते आणि तो फक्कीने जमिनीवर पांढरी रेघ ओढत होता. वर गुलाबी फुलांचे झुबके आले होते. अचानक ऊन गेलं, शिरीषाची पानं एकेक करून मिटली, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना पाऊस आला. मोसमातला नव्हेच तो, भर उन्हाळ्यात वाट चुकलेला.

मी खोडाशी पळाले. तो मात्र रेघेच्या बाहेर, भिंतीला चिकटून उभा.

"अहो, आत या की!"

"सहा मीटरच्या आत परवानगी नाही."

"खणायला नाही. उभं राहायला आहे."

"लेखी द्याल?"

"भिजा मग."

तो आला. पाऊस पानांवर वाजत होता आणि खाली आमच्यापर्यंत थेंबच तेवढे येत होते, मोजून मापून. तो कोरडा व्हायला म्हणून थोडा सरकला, मी जागा करायला म्हणून थोडी सरकले, आणि कसं कोण जाणे, अंतर तेवढंच राहिलं... उलट कमीच झालं.

"वरच्या वस्तीत माझी आत्या राहते," तो म्हणाला. "आईवडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तिनेच वाढवलं. आता पासष्टची आहे. टँकर दिवसाआड येतो. ती दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चढ चढते, आणि मी घरी असलो तरी मला धरू देत नाही. म्हणते, तू आलास-गेलास, मला सवय मोडून चालायची नाही." त्याने घड्याळावरचा थेंब पुसला. "हे काम मी मागून घेतलंय."

त्याच्या खांद्यावर एक फूल पडलं होतं, ते मी उचललं नाही. छान दिसत होतं.

पाऊस गेला तेव्हा पांढरी रेघही गेली होती.

"उद्या परत काढतो," तो म्हणाला. "तुम्ही येऊ नका. टेप आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बसला नाही.

"नकाशात चूक आहे."

"कुठली?"

"माझ्या फायद्याची."

मला कळेना. त्याने सांगितलं ते असं. यंत्र माझ्याकडे होतं, म्हणून त्याने नियम जसा लिहिलाय तसाच टेप लावला, सालीपासून सहा मीटर. रेघ थेट भिंतीपाशी गेली. मध्ये जेमतेम चार बोटं जागा. त्याने तीनदा मोजलं.

त्याचं बोलणं संपायच्या आधीच मी झाडांचा तक्ता उघडला. ठिपका! संगणकातला ठिपका खोडाच्या मधोमध असतो, आणि ठिपक्याला जाडी नसते. लहान झाडांना वीतभराने काही बिघडत नाही. पण सात मीटर घेर म्हणजे मधापासून सालीपर्यंतच एक मीटर आणि वर अकरा सेंटिमीटर. तेवढ्याने माझं वर्तुळ लहान पडलं होतं. घेर मी स्वतः मोजला होता, वहीत लिहिला होता, तक्त्यात भरला होता. आणि बफर काढताना त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"सही झाली होती," मी हळूच म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना," तो म्हणाला.

आत्या. बादल्या. दिवसाआडचा टँकर. हे सगळं मनात ठेवून हा माणूस सकाळी उन्हात गुडघ्यावर बसला होता, आणि स्वतःची वाट बंद करणारी रेघ त्याने तीनदा मोजली होती. आता सांगायला हरकत नाही... त्या मिनिटाला माझं ठरलं. कपाटामागे, धुळीत, रडू येत असताना.

त्या दिवशी मी दोनशे चौदा वर्तुळं पुन्हा काढली, प्रत्येक झाडाची जाडी आधी धरून मग सहा मीटर. बाकीची थोडी थोडी फुगली आणि कुठेच अडली नाहीत. शिरीषाचं भिंतीला भिडायला आलं. मी साहेबांकडे गेले.

"एका मीटरने झाड मरतं का?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सर, नियम आपणच केलाय. आणि हे झाड शाळेच्या फाटकावर आहे."

साहेबांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "आठ दिवस देतो. दुसरी वाट दाखवा. नाही सापडली तर सही केलेल्या नकाशाप्रमाणे तिथलं काम सुरू होईल. वस्ती तहानलेली ठेवता येणार नाही."

साहेबांचंही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

तीन दिवस आम्ही वाटा शोधल्या. मागची गल्ली अरुंद, टेकडीच्या कुशीला खडक, केबलींच्या बाजूला वीज कंपनी हात लावू देईना. चौथ्या दिवशी वस्तीतले दहा-बारा जण ऑफिसात येऊन धडकले. मी कपाटामागे बसून ऐकत होते. आता माझं नाव निघणार, आता निघणार...

"त्या पाइपवाल्याला बदला! मोजता येत नाही त्याला! चुकीचं मोजलं, स्वतःच सांगितलं त्याने!"

मी जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

"माझी चूक तुम्ही का घेतलीत?"

पलीकडे मातीवर फावडं पडत होतं.

"मी काय, महिन्याभरात दुसऱ्या कामावर. लोक विसरतील. तुम्हाला इथेच राहायचंय, याच माणसांत."

"दुसऱ्या... कुठे?"

"दोनशे किलोमीटरवर. हे संपलं की जावंच लागतं."

जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. मी कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिले.

"माझी चूक मला परत द्या," शेवटी मी म्हणाले. "बाकीचं... बाकीचं आपण नंतर बोलू."

"बाकीचं काय?"

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या वेळी मी वरच्या वस्तीत गेले. भर दुपार. टँकरपासून पार वळणापर्यंत बादल्या, कॅन, पिंपं. एका उपड्या पिंपाशेजारी उभी राहिले आणि सांगून टाकलं.

"पाइपलाइनवाल्या साहेबांनी चुकीचं मोजलेलं नाही. चूक माझी आहे. नकाशा मी केला. त्यांनी ती पकडली."

रांगेतली एक बाई म्हणाली, "आधीच नीट मोजायला काय झालं होतं?"

"मोजायला हवं होतं," मी म्हणाले. "नाही मोजलं."

"आमच्या घशाला कोरड, आणि हिला झाडाची पडलीय," मागून एक म्हातारा पुटपुटला.

"आजोबा, ते झाड शाळेच्या फाटकावर आहे. मुळं तोडली तर ते आज नाही पडणार. तुमची नातवंडं खालून जात असताना कधीतरी पडेल."

त्याला माझं पटलं असं नाही. त्याने फक्त बादली पुढे सरकवली. मी परत फिरले, तर कोणीतरी माझा दंड धरला. सहा फूट उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांची बाई. हात मात्र लोखंडाचा.

"तू होय ती!"

"कोण ती?"

"ढब्बू महिनाभर रोज घरी येऊन झाडांबद्दल बोलतोय. म्हटलं, झाडांबद्दल बोलताना माणसाचे कान कशाला लाल होतात?"

"ढब्बू?" माझ्या तोंडून फुस्सकन हसू बाहेर पडलं. तो, तो ताडासारखा माणूस?

"लहानपणी गोल होता गं. त्याला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून." आत्यांनी मला सावलीत ओढलं. "हे बघ बाळ. भिंतीच्या अलीकडे जागा नाही म्हणतेस. मग पलीकडे?"

"पलीकडे शाळा आहे, आत्या."

"शाळा लांब आहे. भिंतीला लागून मैदान आहे. तीस वर्षं शिपाई होते मी तिथे, रोज झाडलंय ते. एक झुडूप नाही त्यावर, पोरांनी जगूच दिलं नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमची रस्त्याची हद्द भिंतीपाशी संपते, म्हणून माझी नजरही तिथेच थांबत होती. वर्तुळ भिंतीच्या चार बोटं अलीकडे संपत होतं. पलीकडे सगळं मोकळं!

मी आत्यांच्या गळ्यात पडले. दोन्ही बादल्या हिसकावून त्यांच्या घरापर्यंत नेल्या, आणि त्यांनी त्या नेऊ दिल्या. हे ढब्बूला कळल्यावर त्याला किती वाईट वाटलं, म्हणून सांगू!

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला पहिलीच्या वर्गात बसवलं, मुलांच्या बाकांवर. त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते. बाईंनी नकाशा उलटसुलट बघितला.

"सुट्टी संपायच्या आत काम झालं पाहिजे. शाळा उघडेल त्या दिवशी मैदानावर एक खड्डा दिसता कामा नये. आणि मुलांसाठी एक नळ."

"दोन देतो," तो म्हणाला.

"एक सांगितला ना? एकच द्या. मोजून द्या. ऐकलंय, तुमच्याकडे मोजण्यात गडबड होते."

"ती चूक माझी..." आम्ही दोघं एकदमच बोललो.

"एकेकाने. हात वर करून."

त्याने खरंच हात वर केला. बाईंनी ओठ घट्ट मिटून सही केली. पण मान खाली घातल्यावर त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर फाटकाशी त्याने पुन्हा हात वर केला.

"आता काय?" मी विचारलं.

"काहीतरी बोलायचंय."

"बोला."

त्याने चपलेने मातीत एक रेघ काढली, पुसली. "...उद्या बोलतो."

उद्या तो बोलला नाही. परवाही नाही. बाकीची लाइन टाकून होत आली होती; नऊ दिवस मैदानात चर खणला जात होता आणि मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर 'तपासणी'ला जात होते. तो पाइपच्या जोडांबद्दल बोलायचा, मी मातीच्या थरांबद्दल. एकदा तो मला घरापर्यंत सोडायला आला. बाबांनी मशीनवरून मान वर केली, त्याला दारात पाणी दिलं, तो गेल्यावर म्हणाले, "छाती अडतीस. बाह्या लांब लागतील."

"बाबा!"

"डोळ्यांनी मापलंय, नक्की नाही. परत कधी येणार, विचार त्याला. टेप लावून घेतो."

"तो जाणार आहे बाबा. दोनशे किलोमीटर."

बाबांनी सुई दातांतून काढली. "मग लवकर विचार," एवढंच म्हणाले आणि पायाने मशीन सुरू केलं.

वरच्या वस्तीत पाणी सोडलं, त्या दुपारी अख्खी गल्ली आत्यांच्या अंगणात जमली होती, कारण पहिला नळ त्यांचा. नळाखाली पत्र्याचं रिकामं पिंप. तो खाली व्हॉल्व्ह उघडून धावत वर आला, धापा टाकत, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी दारापाशी उभी होते. तो माझ्याशेजारी येऊन थांबला.

नळ आधी खोकला. मग त्याने नुसती हवा सोडली, पोरं खिदळली. मग लालसर पाण्याची एक चूळ... आणि मग जी धार लागली! पत्र्याच्या पिंपात असा धडधडाट सुरू झाला की शेजारच्या घरातलं मांजर पळालं. लोक ओरडत होते, हसत होते. तो पुटपुटणारा म्हातारा ओंजळीने पाणी तोंडावर मारत होता. आत्या नळाची तोटी धरून उभ्या होत्या, जणू सोडली तर पळून जाईल.

"परवा निघतोय मी," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"काय?"

"परवा!... निघतोय!"

"ऐकू येत नाही!" ऐकू आलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

त्याने श्वास घेतला. पुन्हा काहीतरी बोलला. या वेळी खरंच धडधडाटात काही कळलं नाही, नुसते ओठ हलले.

"मोठ्याने बोला ना!"

तो ओरडला. आणि नेमकं तेव्हाच, तोटी नीट बंद होते का बघायला, आत्यांनी नळ बंद केला.

"मला तू आवडतेस! दर रविवारी येईन!"

पंचवीस-तीस माणसं आमच्याकडे वळली. नळातून टप्... टप्... दोन थेंब पडले.

तो कानांपासून मानेपर्यंत लाल झाला होता. पण त्याने नजर खाली वळवली नाही. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, तेही सगळ्या वस्तीसमोर, आणि ते मागे घ्यायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता.

एवढ्या लोकांसमोर कशी बोलू? कोणीतरी खाकरलं. एक पोरगी फिस्सकन हसली, तिच्या आईने तिला कोपर मारलं. मी आत्यांकडे बघितलं.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग गल्लीकडे पाठ केली आणि तोटी फिरवली. पूर्ण.

पुन्हा तो धडधडाट. मी टाचा उंचावल्या, त्याचा खांदा धरला आणि त्याच्या कानात माझं उत्तर सांगितलं. तेही 'तू' म्हणूनच. बरंच मोठं होतं, महिनाभराचं साठलेलं. त्यातलं एक अक्षरही दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही.

मध्येच कधीतरी पिंप काठोकाठ भरलं, पाणी अंगणात वाहायला लागलं, आमच्या पायांपर्यंत आलं. आणि ज्या बाईने आयुष्यभर पाण्याचा एक थेंब कोणाला सांडू दिला नव्हता, ती तोटीवर हात ठेवून दुसरीकडेच बघत उभी राहिली... आमचं बोलणं संपेपर्यंत.